परदेशी गुंतवणुकीसाठी सरकारी दौरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंत्र्यांचं शिष्टमंडळ परदेशी निघालं की आमच्याकडे प्रश्नांची रीघ लागते, आणि ते परत आलं की दुप्पट. बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. कुठल्याही देशाला लागू पडतील अशीच उत्तरं द्यायचा प्रयत्न आहे. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सरकारी गुंतवणूक दौरा म्हणजे नेमकं काय?

देशाचं, राज्याचं किंवा शहराचं सरकार आपली माणसं परदेशी पाठवतं आणि तिथल्या कंपन्यांना सांगतं: तुमचा पुढचा कारखाना, संशोधन केंद्र किंवा कार्यालय आमच्याकडे काढा. प्रमुख म्हणून मंत्री, मुख्यमंत्री, महापौर किंवा थेट राष्ट्रप्रमुख असतो. प्रत्यक्ष काम मात्र गुंतवणूक प्रोत्साहन संस्था करते. आयर्लंडची आयडीए १९४९ सालची, सिंगापूरचं आर्थिक विकास मंडळ १९६१ सालचं. आज जवळपास प्रत्येक देशात अशी संस्था आहे आणि त्या सगळ्यांची मिळून एक जागतिक संघटनाही १९९५ पासून आहे.

२. व्यापारी शिष्टमंडळ आणि गुंतवणूक दौरा एकच ना?

नाही, पण बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते. व्यापारी शिष्टमंडळ आपला माल तिकडे विकायला जातं, गुंतवणूक दौरा तिकडचं भांडवल इकडे आणायला. पहिल्यात व्यापारी आणि निर्यातदार महत्त्वाचे, दुसऱ्यात जमीन, वीज, कर आणि परवाने ज्यांच्या हातात आहेत ते अधिकारी. एकाच विमानात दोघांना बसवलं की बहुतेक वेळा दोघांचंही काम अर्धवट राहतं.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. परदेशी कंपनीनं शेअर बाजारात थोडे शेअर घेतले, तर ती थेट गुंतवणूक नव्हे. आंतरराष्ट्रीय हिशेबात साधारणपणे १० टक्के किंवा त्याहून जास्त मताधिकार हाती आला की ती थेट परकीय गुंतवणूक धरतात. त्यातही परदेशी कंपनीनं इथला चालू कारखाना विकत घेतला तर आकडा मोठा दिसतो, पण नवी नोकरी एकही नसू शकते. मोकळ्या जमिनीवर नवा प्रकल्प उभा राहिला, तर गोष्ट वेगळी.

३. शिष्टमंडळात कोण जातं आणि खर्च कोणाचा?

सरकारी माणसांचा खर्च सरकारचा. सोबतच्या उद्योजकांनी आपला खर्च आपण करायचा, अशी बहुतेक ठिकाणची रीत. कुटुंबीय, सल्लागार आणि छायाचित्रकार कोणाच्या खात्यात जातात, ते मात्र प्रत्येक वेळी विचारून घ्यावं लागतं.

खरा वादाचा मुद्दा उद्योजकांच्या निवडीचा असतो. मंत्र्याबरोबर विमानात बसणं ही स्वतःच एक सवलत आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात वाणिज्य खात्याच्या दौऱ्यांमध्ये राजकीय देणगीदारांना जागा मिळतात, असे आरोप झाले. १९९७ मध्ये नवे वाणिज्यमंत्री विल्यम डेली यांनी दौरे काही काळ थांबवले आणि निवडीचे लेखी नियम केले. देणगीचा आणि निवडीचा संबंध नसावा, हे कागदावर लिहावं लागलं, यातच सगळं आलं. तुमच्याकडे असे लेखी निकष आहेत का, हे विचारायला हरकत नाही.

४. दौऱ्यात दिवसभर चालतं तरी काय?

छायाचित्रांत दिसतं ते: हस्तांदोलन, पुष्पगुच्छ, फायलींची अदलाबदल. छायाचित्रांत दिसत नाही ते: दिवसाला सहा-सात बैठका, प्रत्येकी अर्धा तास. त्यातली दहा मिनिटं ओळखीत आणि दुभाष्यात जातात.

अशा एका बैठकीत मी टिपणं घ्यायला बसलो होतो. आमच्या बाजूनं आधी चित्रफीत दाखवली: धबधबे, महामार्ग, हसरे कामगार. समोरच्या बाईंनी ती शांतपणे पाहिली आणि वही उघडून एकच प्रश्न विचारला. ‘तुमच्या त्या औद्योगिक वसाहतीत गेल्या वर्षी वीज एकूण किती मिनिटं गेली?’ तास नव्हे, मिनिटं. आमच्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी एक जण म्हणाला, ‘कळवतो.’ आकडा विभागाविभागांतून फिरून तयार झाला तोवर सात आठवडे उलटले होते, आणि त्यांनी दुसरीकडे जमीन बघायला सुरुवात केली होती.

म्हणून सांगतो, बैठकीतल्या अर्ध्या तासापेक्षा त्याआधीचे सहा महिने आणि नंतरची दोन वर्षं महत्त्वाची.

५. कंपन्या जागा निवडतात तरी कशावरून?

बहुतेकांना वाटतं करावरून. कर यादीत असतो, पण पहिल्या क्रमांकावर क्वचितच. योग्य माणसं मिळतील का, वीज-पाण्याचा भरवसा किती, माल बंदरापर्यंत किती वेळात जातो, ग्राहक किती जवळ, आणि नियम मध्येच बदलणार नाहीत ना, हे आधी पाहिलं जातं. मोठ्या कंपन्या यासाठी स्थळनिवड सल्लागार नेमतात. ते वीस-पंचवीस ठिकाणांची यादी करतात आणि एकेक नाव खोडत जातात. खोडायला कारण एकच पुरतं, हे लक्षात घ्या. तुमच्या दहा गुणांपेक्षा एक दोष जास्त बोलतो.

या खेळात तरबेज कोण ठरलं, त्याची तीन उदाहरणं.

आयर्लंडला १९८९ मध्ये इंटेल ही अमेरिकी चिप कंपनी हवी होती. अडचण एकच होती: चिप बनवण्याचा अनुभव असलेले अभियंते देशात नव्हते. ‘आमचे तरुण फार हुशार’ असं सांगत बसण्यापेक्षा आयडीएनं अमेरिकेत याच क्षेत्रात काम करणाऱ्या आयरिश अभियंत्यांना गाठलं, घरी नोकरी मिळाली तर परत याल का असं विचारलं, आणि ती उत्तरं कंपनीपुढे ठेवली. कंपनी आयर्लंडमधल्या लेक्स्लिपला आली.

कोस्टा रिकानं १९९६ मध्ये ब्राझील, चिली आणि मेक्सिको यांच्याशी स्पर्धा करून इंटेलचा ३० कोटी डॉलरचा जुळणी आणि चाचणीचा कारखाना मिळवला. देश चिमुकला, लोकसंख्या तेव्हा ४० लाखांच्याही आत. त्यांच्या सिंडे या संस्थेनं इलेक्ट्रॉनिक्स हे क्षेत्र आधीच हेरून ठेवलं होतं. कंपनीनं तंत्रज्ञांच्या तुटवड्याची शंका काढली, तेव्हा तंत्रशिक्षणाचे अभ्यासक्रम बदलण्याचं काम हाती घेतलं गेलं. राष्ट्राध्यक्ष फिगेरेस यांनी जातीनं लक्ष घातलं. तेही महत्त्वाचं, कारण त्यामुळे खाती एकमेकांकडे बोट दाखवायची थांबली.

तिसरं सिंगापूर. १९६० च्या दशकात जुराँगच्या दलदलीवर औद्योगिक वसाहत उभारायला घेतली, तेव्हा अर्थमंत्री गोह केंग स्वी यांचा वेडेपणा म्हणून तिची टर उडवली जायची. पंतप्रधान ली क्वान यू यांचा आग्रह असा की विमानतळापासून त्यांच्या कार्यालयापर्यंतचा रस्ता, झाडं, हिरवळ नीटनेटकी हवी, म्हणजे येणाऱ्या उद्योगपतीला एक शब्दही न बोलता कळेल की इथे कामं होतात. १९६८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली आणि पाठोपाठ इतर इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या. झाडं छाटली म्हणून कंपन्या येतात असा अर्थ कृपया काढू नका. जे सरकार झाडं रोज छाटू शकतं ते परवानेही वेळेत देतं, असा तो हिशेब होता.

६. सामंजस्य करार झाला म्हणजे गुंतवणूक आली असं समजायचं का?

अजिबात नाही. सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

सामंजस्य करार म्हणजे ‘आमचा विचार आहे’ असं दोन्ही बाजूंनी सही करून सांगणं. बहुतेक वेळा त्यात हेही स्वच्छ लिहिलेलं असतं की हा कागद कायद्यानं बंधनकारक नाही. प्रकल्प न आल्यास दंड नाही, भरपाई नाही. कंपनीला सही करायला फारसा खर्च येत नाही, सरकारला मंचावर दाखवायला आकडा मिळतो. दोघांचंही भागतं.

खरी शिडी अशी असते: इरादा, जागेची पाहणी, कंपनीच्या संचालक मंडळाची मंजुरी, जमिनीचा ताबा, परवाने, बांधकाम, यंत्रं, भरती, उत्पादन. करार पहिल्या पायरीवर असतो आणि बातमी मात्र शेवटच्या पायरीची छापली जाते. आमच्या मते कंपनीनं स्वतःचे पैसे गुंतवून जमिनीचा ताबा घेतला की मगच प्रकल्पाला प्रकल्प म्हणावं.

आकडा फुगतो कसा, त्याचेही ठरलेले प्रकार आहेत. आधीच जाहीर झालेला विस्तार पुन्हा जाहीर करणं. वीस वर्षांत टप्प्याटप्प्यानं होणारी गुंतवणूक आजच्या एका आकड्यात सांगणं. ‘पर्यंत’ हा शब्द गाळणं. आणि सगळ्यात गमतीचा म्हणजे, आपल्याच राज्यातल्या कंपनीशी परदेशातल्या मंचावर करार करणं. त्या कंपनीचं मुख्यालय मंत्रालयापासून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर असू शकतं. अशा करारालाही कारण असू शकतं (परदेशी भागीदार तिथे असतो, किंवा तिची परदेशी शाखा पैसे आणणार असते), पण ते कारण विचारलं पाहिजे.

कराराला काहीच अर्थ नाही असंही नाही. सही झाली की फायलीला एक मालक मिळतो आणि ‘त्या कराराचं काय झालं’ हे विचारायला एक तारीख मिळते. ती कशी वापरायची, ते प्रश्न १५ मध्ये.

७. ‘५,००० नोकऱ्या’ हा आकडा काढतात कसा?

तीन गोष्टी एकत्र करून. कंपनीच्या पगारपत्रकावरच्या थेट नोकऱ्या. पुरवठादार, वाहतूक, सुरक्षा, खानपान यांतल्या अप्रत्यक्ष नोकऱ्या. आणि या सगळ्यांच्या खर्चातून आसपासच्या बाजारात तयार होणाऱ्या नोकऱ्या. शेवटच्या दोन्ही गुणक (एका थेट नोकरीमागे एकूण किती नोकऱ्या धरायच्या तो आकडा) लावून अंदाजानं काढतात. गुणक दीड घेतला की तीन, यावर सगळं ठरतं, आणि तो ठरवणारा सल्लागार बहुतेक वेळा कंपनीनं किंवा सरकारनंच नेमलेला असतो. बांधकामाच्या दोन वर्षांतले मजूरही कधी कधी त्याच बेरजेत घुसवतात.

म्हणून विचारा: थेट किती, कायम किती, कितव्या वर्षी, आणि सरासरी पगार काय. दत्तांश केंद्रांच्या (डेटा सेंटर) बाबतीत तर नक्की विचारा. अब्जावधींची गुंतवणूक आणि शे-दोनशे कायम नोकऱ्या, हे तिथे नेहमीचं आहे. त्यात लबाडी नाही, तो धंदाच तसा आहे.

८. दौऱ्यांमुळे खरंच काही येतं, याचा पुरावा आहे का?

आहे, पण मिश्र. कॅनडाचे पंतप्रधान झाँ क्रेतिएँ १९९४ पासून प्रांतांचे मुख्यमंत्री आणि शेकडो उद्योजक घेऊन ‘टीम कॅनडा’ नावानं दौरे करत. पहिला चीनला होता. हेड आणि रीस या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये त्यांचा हिशेब मांडला. ज्या देशांना दौरे झाले त्यांच्याशी कॅनडाचा व्यापार जास्तच होता, पण तो आधीपासून जास्त होता. हा भाग वजा केल्यावर दौऱ्याचा म्हणावा असा परिणाम उरला नाही. थोडक्यात, जिथे आधीच सलोखा तिथेच पुढारी जातात आणि श्रेय दौऱ्याला मिळतं.

उलट बाजूही आहे. हार्डिंग आणि यावोर्चिक यांनी अमेरिकी गुंतवणुकीची आकडेवारी तपासली. विकसनशील देशांच्या संस्थांनी जी क्षेत्रं ठरवून लक्ष्य केली, त्यांत बाकीच्या क्षेत्रांच्या तुलनेत दुपटीहून जास्त गुंतवणूक आलेली दिसली. श्रीमंत देशांत मात्र असा परिणाम दिसला नाही. कारण समजण्यासारखं आहे: ज्या देशाबद्दल बाहेर फारशी माहितीच नाही, तिथे माहिती पुरवणं हीच मोठी मदत ठरते.

दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. पहिला लवाजम्याबद्दल बोलतो, दुसरा वर्षभर चिकाटीनं चाललेल्या कामाबद्दल. पहिला व्यापाराबद्दलचा आहे आणि दुसरा गुंतवणुकीबद्दलचा, हेही विसरू नये (प्रश्न २).

९. मग मंत्र्यांनी जायचंच कशाला? व्हिडिओ कॉल पुरत नाही?

चौकशीच्या टप्प्यात पुरतो. कंपनीचं मन जवळपास तयार आहे पण एका मुद्द्यावर अडलं आहे, तेव्हा निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसानं समोर बसणं उपयोगी पडतं. मंत्र्याचं खरं काम शब्द देणं हे आहे. शब्द द्यायचा नसेल तर त्या खुर्चीवर हुशार अधिकारी बसलेला जास्त बरा.

दुसरा मार्ग म्हणजे त्यांनाच बोलावणं. फ्रान्सनं जानेवारी २०१८ मध्ये, दावोसच्या परिषदेला निघालेल्या जगभरच्या उद्योगप्रमुखांना वाटेतच व्हर्सायच्या राजवाड्यात बोलावून घेतलं. ‘फ्रान्स निवडा’ या नावाची ही परिषद पुढे दरवर्षीचा शिरस्ता झाली. विमानाचं भाडं पाहुण्यांचं, राजवाडा आधीपासूनच आपला!

१०. सवलती दिल्या नाहीत तर कंपनी शेजारी जाईल का?

कंपनी हेच सांगणार. तिनं तसं सांगणं हा वाटाघाटीचा भाग आहे. टिमथी बार्टिक या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून निष्कर्ष काढला की सवलतींमुळे निर्णय फिरला असं प्रमाण २ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान आहे. म्हणजे निदान चारांपैकी तीन कंपन्या सवलत नसती तरी तिथेच आल्या असत्या. अडचण अशी की त्या तीन कोणत्या, हे सही करताना कळत नाही.

बोली लागली की भाव चढतो. १९९३ मध्ये मर्सिडीजच्या मोटार कारखान्यासाठी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यानं सुमारे २५ कोटी डॉलरच्या सवलती दिल्या, आश्वासन १,५०० नोकऱ्यांचं होतं. तेव्हा बरीच टीका झाली. पण कारखाना वाढला, टिकला आणि त्यामागून दुसऱ्या मोटार कंपन्याही त्या राज्यात आल्या. २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉननं दुसऱ्या मुख्यालयाची जाहीर स्पर्धाच लावली. २३८ ठिकाणांहून प्रस्ताव आले, न्यूयॉर्कची निवड झाली, स्थानिकांचा विरोध पेटला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीनं तिथून अंग काढून घेतलं. हरलेल्या शहरांनी आपली जमीन, पगार, वाहतूक यांची बारीकसारीक माहिती मात्र कंपनीला आयतीच देऊन टाकली होती. त्या माहितीचं मोल कोणी लावलं नाही.

आमचं मत विचाराल तर सवलत रस्त्यासाठी, पाण्यासाठी, प्रशिक्षणासाठी द्यावी. कंपनी गेली तरी ते मागे उरतं.

११. कंपनीनं शब्द पाळला नाही तर पैसे परत मिळतात का?

करारात वसुलीचं कलम असेल आणि पैसा काम झाल्यावर द्यायचा असेल, तर मुळात फार जातच नाही. आधीच हातावर ठेवला असेल तर देव पावला म्हणायचं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचं प्रकरण दोन्ही बाजू दाखवतं. २०१७ मध्ये १,००० कोटी डॉलर आणि १३,००० नोकऱ्यांची घोषणा झाली, राज्यानं सुमारे ३०० कोटी डॉलरपर्यंतच्या सवलती कबूल केल्या. पण करसवलतीचा मोठा भाग नोकऱ्या आणि गुंतवणूक दाखवल्यावरच मिळणार होता. पहिल्या वर्षीचं किमान लक्ष्य अवघं २६० नोकऱ्यांचं होतं, तेही गाठलं गेलं नाही आणि सवलत मिळाली नाही. एप्रिल २०२१ मध्ये नवा करार झाला: ६७.२ कोटी डॉलर, १,४५४ नोकऱ्या आणि जास्तीत जास्त ८ कोटी डॉलरच्या सवलती. राज्याची तिजोरी बरीचशी वाचली. माउंट प्लेझंट या गावाचं तसं नव्हतं. त्यानं आणि रसीन काउंटीनं जमिनी घेण्यासाठी, पाण्यासाठी, रस्त्यांसाठी आधीच कर्ज काढून खर्च केला होता, लोकांची घरंही गेली होती. त्याच पट्ट्यात पुढे मायक्रोसॉफ्टची दत्तांश केंद्रं आली म्हणून गावाचं निभावलं.

घाईचं उदाहरण उत्तर आयर्लंडचं. १९७८ मध्ये बेरोजगारीनं आणि हिंसाचारानं गांजलेल्या बेलफास्टजवळ डिलोरियनचा मोटार कारखाना आणण्यासाठी ब्रिटिश सरकारनं दोन महिन्यांच्या आत वाटाघाटी उरकल्या. सुमारे ९,००० गाड्या बनल्या आणि १९८२ मध्ये कंपनी बुडाली. ७ कोटी पौंडांहून अधिक सरकारी पैसा त्यात होता. बुडालेल्या कंपनीकडून वसूल काय करणार?

१२. कंपनी आली, पण शेजारच्याच राज्यातून उठून. ही नवी गुंतवणूक धरायची का?

तुमच्या राज्याच्या खात्यात ती नवी, देशाच्या खात्यात शून्य. कॅन्सस सिटी हे अमेरिकी महानगर कॅन्सस आणि मिसुरी या दोन राज्यांच्या सीमेवर पसरलेलं आहे. वर्षानुवर्षं दोन्ही राज्यं सवलती देऊन कंपन्यांना सीमेपलीकडे ओढत राहिली. कर्मचारी तेच, घरं तीच, फक्त कार्यालयाची पाटी काही किलोमीटर सरकायची. २०१९ मध्ये दोघांनी या महानगरापुरता तह केला. असा तह व्हायला आधी दोघांनाही पुरेसं नुकसान व्हावं लागतं, असं दिसतं.

युरोपातली गोष्ट आणखी गुंतागुंतीची. जानेवारी २००९ मध्ये डेलनं आयर्लंडमधल्या लिमरिकचं संगणक उत्पादन पोलंडमधल्या वूच शहरात हलवण्याचं जाहीर केलं, १,९०० नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी युरोपीय आयोगानं पोलंडच्या ५.४५ कोटी युरोच्या मदतीला मंजुरी दिली, आणि लिमरिकच्या कामगारांना सावरण्यासाठी युरोपीय निधीतून १.४८ कोटी युरो मंजूर झाले. जखमही त्याच घरात, मलमही त्याच घरातून.

१३. करमाफी देऊ असं सांगितलं, पण आता जागतिक किमान कर आहे ना? मग करमाफीचा उपयोग काय?

फार चांगला प्रश्न, आणि कित्येक शिष्टमंडळांनी अजून तो स्वतःला विचारलेला नाही. २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी मान्य केलेल्या चौकटीनुसार, ज्या बहुराष्ट्रीय समूहांची वार्षिक उलाढाल ७५ कोटी युरो किंवा त्याहून जास्त आहे, त्यांच्यावर प्रत्येक देशात निदान १५ टक्के कर पडावा. एका देशानं शून्य लावला तर उरलेला फरक दुसरा देश वसूल करू शकतो. म्हणजे तुम्ही सोडलेला कर कंपनीच्या खिशात न जाता दुसऱ्याच सरकारच्या तिजोरीत जाण्याची शक्यता.

अपवाद आहेत. उलाढाल मर्यादेखाली असेल तर नियम लागू नाही. प्रत्यक्ष यंत्रं, इमारती आणि पगार यांच्या प्रमाणात नफ्याचा काही भाग वगळला जातो. अनुदान किंवा परताव्याच्या स्वरूपातल्या ठरावीक सवलतींना करमाफीपेक्षा सौम्य वागणूक आहे. शिवाय अमेरिकी मुख्यालयाच्या समूहांना मोठी सूट देण्याचं जी-७ देशांनी २०२५ मध्ये मान्य केलं. त्यामुळे कंपनी कुठली, केवढी आणि सवलत कोणत्या रूपात, हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

निर्यातीच्या किंवा देशी मालच वापरण्याच्या अटीवर दिलेलं अनुदान तर जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत मुळातच निषिद्ध आहे. मंचावरून अशी घोषणा करण्याआधी कायदा विभागाला एक फोन करावा.

१४. कंपनी आली, पण पंधरा-वीस वर्षांनी गेली. मग सगळं वायाच ना?

मागे काय उरलं त्यावर अवलंबून. कोस्टा रिकात २०१४ मध्ये इंटेलनं जुळणी आणि चाचणीचं काम आशियात हलवलं आणि सुमारे १,५०० नोकऱ्या गेल्या. अभियांत्रिकीचं काम मात्र तिथेच राहिलं. काही वर्षांनी जुळणीही परत आली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा व्हिएतनाम आणि मलेशियाकडे नेण्याचं जाहीर झालं. पण मधल्या काळात त्या देशात वैद्यकीय उपकरणांचा उद्योग उभा राहिला आणि आज तोच निर्यातीत पुढे आहे. इंटेलसाठी तयार झालेली माणसं आणि संस्था त्या उद्योगाच्याही कामी आल्या.

जर्मनीतल्या बोखुमचं तसं झालं नाही. नोकियानं २००८ मध्ये तिथला कारखाना बंद करून उत्पादन रोमानियात नेलं, २,३०० च्या आसपास लोक रस्त्यावर आले, राज्य सरकारनं जुनी अनुदानं परत मागितली आणि अखेर तडजोड झाली. रोमानियातला कारखाना २०११ मध्ये बंद झाला.

आलेल्या कंपनीकडे जात राहणं, हे म्हणून दौऱ्याइतकंच महत्त्वाचं. थेट गुंतवणुकीचा बराच मोठा हिस्सा नव्या पाहुण्यांकडून येत नाही. आधीच आलेल्या कंपन्यांनी नफा पुन्हा गुंतवल्यानं येतो. तिच्या व्यवस्थापकाला परवान्यासाठी चार खेटे घालायला लागले, तर तो ते मुख्यालयाला कळवतो. त्या निरोपाला तुमची चित्रफीत पुरी पडत नाही. स्थानिक पुरवठादार तयार असतील तर कंपनीचा पायही लवकर निघत नाही. पण पुरवठादार आपोआप तयार होत नाहीत, त्यांना दर्जा आणि वेळ सांभाळायला शिकवावं लागतं.

१५. दौरा संपला. नागरिक किंवा पत्रकार म्हणून मी काय विचारू आणि कधी?

परतल्यावर आठवड्याभरात: करारांची संपूर्ण यादी, त्यात बंधनकारक किती, आधी जाहीर झालेले किती, देशी कंपन्यांचे किती, आणि एकूण खर्च.

सहा महिन्यांनी: कोणत्या कंपन्या जागा पाहून गेल्या आणि त्यांच्या शंकांना उत्तरं किती दिवसांत गेली.

दीड-दोन वर्षांनी: जमिनीचा ताबा कोणी घेतला, सवलतींचे अंतिम करार कुठे पाहायला मिळतील, वसुलीचं कलम कितवं आहे.

तीन ते पाच वर्षांनी: पगारपत्रकावर माणसं किती. हा शेवटचा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, कारण तोवर मंत्री बदललेला असतो आणि पुढचा दौरा जाहीर झालेला असतो.

१६. ‘गोपनीय आहे’ असं उत्तर मिळालं तर?

वाटाघाटी चालू असताना ते उत्तर रास्त असू शकतं. कंपन्या सुरुवातीला नावही सांगत नाहीत. फायलीवर टोपणनाव असतं आणि अधिकाऱ्यांनी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. जमिनीचे भाव चढू नयेत आणि प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये, म्हणून हे सगळं. राष्ट्रीय सुरक्षेच्या छाननीत असलेल्या प्रकल्पांचंही तसंच. बंदरं, दूरसंचार, चिप, संरक्षण या क्षेत्रांत बाहेरचा पैसा घेण्याआधी तपासणी करणाऱ्या यंत्रणा आता बऱ्याच देशांत आहेत. अमेरिकेची समिती १९७५ पासूनची, आणि युरोपीय संघाची सामायिक चौकट ऑक्टोबर २०२० मध्ये लागू झाली. शिष्टमंडळानं ज्या कंपनीला आग्रहानं बोलावलं तिलाच छाननीत नकार मिळण्याचा प्रसंग येऊ शकतो. तेव्हा दोन खात्यांनी निघण्याआधी एकमेकांशी बोललेलं बरं.

सही झाल्यावर मात्र सार्वजनिक पैसा किती आणि कोणत्या अटीवर, हे गोपनीय राहायला नको. कंपनीचं तांत्रिक गुपित झाकून उरलेला करार द्या, असा अर्ज करा. पूर्ण नकार आला तर तो लेखी मागा आणि कोणत्या नियमाखाली दिला, तेही मागा.